पाय लागला तर

मला लोक अजूनही विचारतात, "मॅडम, दिग्रससारख्या गावात तुम्ही तायक्वांदो कसं काय शिकलात?" जसं काही आम्ही तिकडे झाडावर राहत होतो! पूर्वी मला याचा भारी राग यायचा. आता गुडघे कुरकुरतात, राग करायचा तरी आधी खुर्ची शोधावी लागते, म्हणून मी हसून सांगते की शाहीनच्या अब्बांमुळे शिकले. आणि ते खरंच आहे. शाहीन माझ्या वर्गातली, माझ्याच बाकावरची. तिच्या डोक्यात कुठूनसं शिरलं की आपण ते हातापायाचं काहीतरी शिकायचं. अब्बांनी अट घातली की सोबत आणखी एक पोरगी असेल तरच जायचं, नाहीतर घरी बसून शिवण शिकायचं. दुसरी पोरगी म्हणून तिने मला धरलं. "चल ना बे सुनी, तू नही आई तो अब्बा मेरेकू भी नही भेजते." मला त्यातलं काही म्हणजे काही नको होतं. पण शाहीनला नाही म्हणायची माझी टाप नव्हती. खरं तर कोणालाच नाही म्हणायची नव्हती. मान खाली घालून चालणारी, विचारलं तरच बोलणारी पोरगी होते मी. आज माझ्या क्लासातल्या मुलींना हे सांगितलं तर त्या एकमेकींकडे बघून फिदीफिदी हसतात.

क्लास भरायचा गावाबाहेरच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात. कापसाचा हंगाम संपला की तिथली मोठी शेड महिनोन्महिने रिकामी पडायची, आणि मालकाने ती राठोड सरांना संध्याकाळपुरती वापरायला दिली होती. कितीही झाडलं तरी कोपऱ्यांत कापसाचे पुंजके उरायचेच. पत्र्याखालच्या कैच्यांवर कबुतरं घुमायची, सरकीचा तेलकट वास यायचा, आणि त्या वासात आम्ही अनवाणी ओळीने उभे. राठोड सर बस डेपोत मेकॅनिक होते. मूळचे जवळच्या तांड्यावरचे, नागपूरला आयटीआय करताना तिथे तायक्वांदो शिकले आणि काळ्या पट्ट्यापर्यंत गेले. ड्यूटी संपवून यायचे तेव्हा हाताला ग्रीसचा वास असायचा. मग पांढरा डोबोक, म्हणजे आमचा तो ड्रेस, अंगात चढवला की माणूसच बदलायचा. "चार्योत!" म्हटलं की ताठ उभं राहायचं. "क्युंग्ने!" म्हटलं की कमरेतून वाकायचं. आकडे कोरियन, हाना, दुल, सेत, नेत. रागावणं वऱ्हाडीत, आणि फारच चिडले तर त्यांच्या बंजारा बोलीत, गोरमाटीत, म्हणजे नेमकं काय म्हणाले ते आम्हाला कळू नये म्हणून. कळायचं ते कळायचंच.

पहिल्याच दिवशी सरांनी सांगितलं की ठोसा मारताना पोटातून ओरडायचं, त्याला किहाप म्हणतात. बाकी सगळे पोट्टे लाजून कुईकुई करत होते. मी ज्वारीवरची पाखरं हाकलत मोठी झालेली. माझी हाक अख्ख्या वावराच्या पार जायची. मी डोळे मिटून ओरडले तशी शेडमधली सगळी कबुतरं फडफडत बाहेर गेली. सर कानात बोट घालून म्हणाले, "अरे बाप्पा! हे कोठून आणली वो शाहीन?" त्या दिवशी घरी जाताना माझे पाय जमिनीवर नव्हते. आपल्याला काहीतरी येतं, आणि ते दुसऱ्यांपेक्षा बरं येतं, हे मला जन्मात पहिल्यांदा कळलं होतं.

घरात आम्ही तिघं. आई, मी आणि मोठेबाबा. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे मोठे भाऊ. वडील गेले तेव्हा मी रांगत होते, त्यामुळे मला ते आठवत नाहीत. मोठेबाबांची बायको त्याच्याही आधी गेलेली, मूलबाळ नाही. वावर त्यांनीच सांभाळलं, आम्हालाही. बोलणं कमी. धोतर पांढरंशुभ्र, खांद्यावर दुपट्टा, आणि सगळं जिथल्या तिथे पाहिजे. आई त्यांच्यासमोर पदर डोक्यावर घेऊन दाराआडून बोलायची. मी क्लासहून आले की आई चुलीपुढची गरम भाकर, अंबाडीची भाजी, त्यावर कच्च्या तेलाची धार आणि ठेचा असं ताट द्यायची. सरांनी अंडी खायला सांगितली होती. आमच्या घरात अंड्याचं नावही निघत नसे, म्हणून आई रोज मूठभर हरभरे भिजवून ठेवायची. ते मी सकाळी शाळेच्या वाटेवर गुळाच्या खड्याबरोबर चावत जायची. मोठेबाबांना आईने सांगितलं होतं की पोरगी कवायत शिकायला जाते. ते "बरं" म्हणाले होते. त्या एका "बरं"वर माझं सगळं चाललं होतं.

आणि आमच्या घरात पायाचे कायदे भारी. झाडूला पाय लागला, नमस्कार. सुपाला, धान्याला, वहीला, बैलाच्या जुवाला लागला, नमस्कार. माणसाला लागला तर विचारूच नका. वाकायचं, ज्याला पाय लागला त्याला हात लावायचा आणि तो हात आपल्या कपाळाला लावायचा. हे शिकवावं लागत नसे. आपण विचार करायच्या आत हात खाली गेलेला असायचा, शिंक येते तसं. झोपेत आईला माझा पाय लागला तर मी झोपेतच तिच्या अंगाला हात लावून कपाळावर न्यायची, असं आई सांगायची.

हवेत लाथा मारणं, सरांनी धरलेल्या पॅडवर मारणं, इथपर्यंत सगळं ठीक चाललं. लाथा मला चांगल्या यायच्या. विशेषतः दोल्यो चागी, कंबर फिरवून बाजूने मारायची ती. सर तर म्हणायचे की हिच्या कमरेत स्प्रिंग आहे. मग एक दिवस त्यांनी आम्हाला जोड्या लावून समोरासमोर उभं केलं. छातीला बांधायचं गार्ड शाहीनने बांधलं. सर म्हणाले, "शिजाक!" आणि मी फिरून लाथ मारली ती बरोब्बर तिच्या बरगडीवर बसली. आणि मी वाकले. शाहीनच्या पोटाला हात लावला, कपाळाला लावला. शेडमध्ये जे हसणं सुटलं! सरसुद्धा हसले. शाहीन कमरेवर हात ठेवून म्हणाली, "ये क्या रे, मार के माफी मांगती?"

पहिल्या दिवशी गंमत होती. दुसऱ्या दिवशी गंमत राहिली नाही. लाथ बसली की मी वाकायची. दात ओठ खाऊन ठरवायची की आज नाही, आणि लाथ बसली की हात आपोआप खाली. कधी पूर्ण वाकायची, कधी अर्धी, कधी नुसती मान खाली जायची. पोट्टे मुद्दाम माझ्यासमोर यायला लागले, कारण मी वाकले की माझं डोकं त्यांच्यासमोर आयतं. सरांनी समजावलं, ओरडले, शेडभोवती पळायला लावलं. कशाचा उपयोग नाही. आणि एक दिवस व्हायचं ते झालं. शाहीनला माझी लाथ बसली, मी वाकले, आणि तिची उलटी लाथ, जी माझ्या छातीच्या गार्डवर यायची होती, ती सरळ माझ्या नाकावर आली. रक्ताची धारच लागली. मी रडले नाही. शाहीनच इतकी रडली की सरांनी आधी तिला पाणी पाजलं.

सर माझ्या नाकावर ओला रुमाल धरून बसले होते. म्हणाले, "सुने, आइक. पुढच्या मयन्यात यवतमाळहून परीक्षक येऊन राह्यले पिवळ्या पट्ट्यासाठी. जिनिंग सुरू व्हायच्या आंधी परीक्षा उरकवतो. तवा जर तू मधात वाकली, तं मी तुले क्लासात ठेवत नाही. मान मोडन तुही एक दिवस. तुह्या मायले मी काय सांगू मंग?" ते बरोबरच बोलत होते. आज मी स्वतः शिकवते, तेव्हा माझ्या लक्षात येतं की त्यांनी त्याच दिवशी मला काढलं असतं तरी चुकलं नसतं. पण मी गेले तर शाहीनही जाणार होती, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही. परतीच्या वाटेवर ती माझा हात घट्ट धरून चालत होती.

सुजलेलं नाक घेऊन घरी गेले तर मोठेबाबा नेमके ओट्यावर. "काय झालं वं?" मी म्हटलं, लाथ लागली. "कोणाची? बैलाची?" मी म्हटलं, शाहीनची. आणि मग सगळंच सांगून टाकलं, कारण त्यांच्यापुढे अर्धं सांगता येत नसे. ते ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बंद होत चालला होता. "म्हणजे माणसाले लाता मारणं शिकवते थो मास्तर?" आई दाराआडून म्हणाली, "भाऊजी, खेळ हाय थो." "खेळ? पाय लावाचा माणसाले, अन् थो खेळ?" त्यांनी पुढ्यातली भाकर अर्धी टाकून हात धुतला. आमच्या घरात भाकर टाकून उठणं म्हणजे काय, ते मी वेगळं सांगत नाही. मी आत जाऊन बसले. तिकडे सर म्हणत होते की वाकशील तर येऊ नको, आणि इकडे मोठेबाबा म्हणत होते की पाय लावशील तर जाऊ नको. माझ्याजवळ जे काय थोडंसं माझं होतं ते दोन्ही बाजूंनी जायला निघालं होतं. तेव्हाच आई बोलली. आयुष्यात मी तिला त्यांच्यापुढे एवढं बोलताना दुसऱ्यांदा ऐकलं नाही. "भाऊजी, तुमी म्हणान तं उद्यापासून बंद. पण जवापासून पोट्टी तेथं जाते तवापासून मान वर करून चालून राह्यली. थे एकडाव पाहा, मंग काय थे सांगा."

मोठेबाबा उठून बैलांकडे गेले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मात्र ते शेडच्या दारात उभे. सरांनी धावत जाऊन त्यांना आत आणलं, पोत्याच्या थप्पीवर बसवलं. मला त्या दिवशी लढायला मनाई होती, मी नाकाला रुमाल लावून भिंतीशी बसलेली. मोठेबाबा एक जोडी बघायचे, दुसरी बघायचे. दुपट्ट्याने तोंड पुसायचे. मग त्यांनी सरांना हाक मारली. "मास्तर, हे पोट्टे लढाच्या आंधी एकमेकाले वाकून कायले राह्यले?" सर म्हणाले, "मान देते दादाजी. आता मी तुले मारीन, तू मले मारशीन, मनात काही ठेवू नको, असं." "हरेक डाव?" "हरेक डाव. वाकल्याबिगर पाय उचलूच देत नाही मी." "असं," मोठेबाबा म्हणाले, आणि उठून निघून गेले. शाहीनने माझ्याकडे बघून खांदे उडवले. मलाही काही कळलं नाही.

त्या आठवड्यात वेचणी सुरू झाली होती. रविवारी मी वावरात. वेचलेला कापूस बंडीत, म्हणजे बैलगाडीत, भरायचा, आणि पोरांचं काम म्हणजे वर चढून तो तुडवायचा, म्हणजे जास्त मावतो. मी चाकावर पाय ठेवून वर गेले, कापसाला हात लावला, कपाळाला लावला आणि तुडवायला लागले. पायाखाली तो कसा गरम असतो उन्हाने, ते ज्याने तुडवला त्यालाच माहीत. मोठेबाबा खालून बोचकी देत होते. एकदम थांबले.

"सुने, बंडीत चढली तवा काय केलं तू?"

"पाया पडली."

"कोणाच्या?"

"कापसाच्या. लक्ष्मी हाय नं."

"अन् आता तिलेच तुडवून राह्यली."

मी थांबले. मला वाटलं, चुकलं काहीतरी. ते म्हणाले, "थांबू नको, तुडव. दर पावलाले वाकत बसशीन तं बंडी कवा भरन? अं? चढाच्या आंधी माफी मांगतली, तिनं देल्ली, झालं. आता काम करा. थ्या मास्तरच्या येथंबी मी तेच पाह्यलं. वाकाचं आंधीच हाय त्याइचं. तूबी वाकत असशीन, पण नुसती कंबर वाकवत असशीन. तवा माफी मांगत नाही, म्हून मंग मारल्यावर आठवते तुले."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. सरांनी इतक्यांदा "क्युंग्ने" म्हटलं आणि मी इतक्यांदा वाकले, पण त्या वाकण्यात काय ठेवायचं असतं हा विचार माझ्या डोक्याला शिवला नव्हता. हुकूम झाला की वाकायचं, एवढंच. मी काही बोलायच्या आत त्यांनी एका पोत्यात कापूस कोंबला, ते दोराने छातीला बांधलं आणि म्हणाले, "उतर खाली. मले मार."

"नाही मोठेबाबा."

"मार म्हणतो नं."

"तुमाले कशी मारू मी?" मला रडूच फुटलं. वेचणाऱ्या बाया कापसाने भरलेल्या ओट्या धरून तशाच उभ्या राहिल्या. त्यातली एक म्हणाली, "माय वो, काय चालवलं हे?" मोठेबाबांनी तिकडे बघितलंही नाही. "मी काय मडकं हाय का फुटाले? तेथं थो मास्तर काढून देईन तुले, अन् मंग सारी जिंदगी मान खाली घालून फिरशीन. थे मले पाह्यवणार नाही. वाक आंधी. नीट वाक."

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि वाकले. मनात म्हटलं, मोठेबाबा, आता जे होईल त्याची माफी आत्ताच. दिली का? आणि मग वर आले, कंबर फिरवली आणि मारली. पोत्यावर धप्प आवाज आला आणि आमच्या घरातला कर्ता माणूस कापसाच्या ओळीत बुडावर बसला. बाया किंचाळल्या. माझा हात निघालाच होता खाली, तोच ते बसल्या जागेवरून ओरडले, "वर पाह्य! माह्याकडं पाह्य!" मी वर पाहिलं. ते हसत होते. दात दिसतील असं मोठेबाबांना हसताना मी तोवर कधी पाहिलं नव्हतं. "जोर हाय बाप्पा," ते म्हणाले, धूळ झटकून उठले आणि म्हणाले, "आणखीन." ऊन डोक्यावर येईपर्यंत आमचं ते चाललं. संध्याकाळी त्यांनी आईला तेल गरम करायला सांगितलं. कशाला, ते सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.

माझ्या नशिबात गुरू चांगले आले, असं मी नेहमी म्हणते, आणि लोकांना वाटतं मी पुढे नागपूर-पुण्याच्या मोठमोठ्या सरांबद्दल बोलते आहे. त्यांचंही ऋण आहेच. पण माझी लाथ वावरात, कापसाने भरलेल्या पोत्यावर पक्की झाली. आज माझ्या हॉलमध्ये रंगीत मॅट आहेत, मुलींना हेडगार्ड आहे, आणि लाथ जरा जोरात बसली तर त्या "सॉरी, सॉरी" म्हणतात आणि पुढची हाणतात. मी त्यांना थांबवते. म्हणते, सॉरी आधीच म्हणून या. त्या मला जुन्या वळणाची समजतात. समजोत.

परीक्षेच्या दिवशी शेड धुऊन काढली होती. यवतमाळचे परीक्षक टेबल मांडून बसले होते, आणि एका बाजूला पोत्यांवर शाहीनचे अब्बा आणि मोठेबाबा एकमेकांना सुपारी देत बसले होते. बाकीचं सगळं नीट झालं. मग लढत. माझ्यासमोर शाहीन. सर माझ्याकडे बघत नव्हते. डेपोत गाडीखाली झोपलेला माणूस वरच्या नटाकडे बघतो तसे ते पत्र्याकडे बघत होते. "क्युंग्ने!" मी वाकले. वाकूनच राहिले. शाहीन, तू मला इथे आणलंस, तू माझं नाक फोडलंस आणि माझ्याआधी रडलीस, आता मी तुला मारणार आहे, माफ कर. परीक्षक म्हणाले, "अहो, चला!" मग मी वर आले.

शाहीन नेहमीसारखी धावून आली. मी बाजूला झाले, फिरले, मारली. तिच्या गार्डवर आवाज आला तशी माझी कंबर सवयीने ढिली झाली, ते मला स्पष्ट जाणवलं. पण मान खाली गेली नाही. मी शाहीनच्या डोळ्यांत बघत होते, आणि तिला ते कळलं, आणि ती वेडी भर लढतीत हसली! मग तिने मला एक अशी हाणली की माझे दात वाजले. आम्ही दोघी त्या दिवशी जशा लढलो तशा नंतर कितीतरी मोठ्या मैदानांवरही लढलो नाही. एकदा माझा पाय तिच्या कोपरावर आदळला आणि अंगठ्याचं नख अर्धं उलटलं. मला ते लढत संपल्यावरच कळलं. परीक्षकांनी दोघींची नावं वाचली. सरांनी स्वतः माझ्या कमरेला पिवळा पट्टा बांधला आणि गाठ मारताना गोरमाटीत काहीतरी पुटपुटले. पहिल्यांदाच ते रागावणं नव्हतं.

मी लंगडत मोठेबाबांकडे गेले. मला त्यांच्या पाया पडायचं होतं, पण त्यांनी माझ्या पायाकडेच बघितलं, जिथून फरशीवर रक्ताचे ठिपके पडत होते. "बस," म्हणाले. मी पोत्यावर बसले. त्यांनी माझा पाय उचलला आणि सरळ आपल्या मांडीवर घेतला, त्या पांढऱ्याशुभ्र धोतरावर. दुपट्ट्याचं टोक फाडलं आणि अंगठ्याला गुंडाळायला लागले. रक्त धोतरावर उतरत होतं. मोठ्या माणसाच्या मांडीवर माझा पाय, तोही असा भरलेला! मी ओढून घ्यायला लागले तर त्यांनी घोटा घट्ट धरला. मग माझा हात निघालाच, त्यांच्या गुडघ्याला लावून कपाळाला न्यायला. त्यांनी तो मनगटाला धरून खाली ठेवला आणि मान वर न करता म्हणाले, "बापाच्या मांडीवर हाय पाय. त्याचा कायचा नमस्कार?"

त्यांनी गाठ मारली, पुन्हा सोडली, पुन्हा मारली. मी पाय तिथेच राहू दिला.